मागून जेवणारी

अक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. मानवतच्या शाळेत आठवीचा तास चालू होता. फळ्यावर मी पचनसंस्थेची आकृती काढत होतो आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. परभणीच्या दवाखान्यातून कुणीतरी शेजारच्या अडत दुकानात फोन केला होता. मिळाली ती एसटी धरून मी सेलूला पोचलो, तेव्हा अक्काला अजून घरी आणलेलं नव्हतं. अंगणात माणसं जमली होती, ओसरीवर बायका बसल्या होत्या, आणि माजघरात हलक्या आवाजात पण फार काळजीनं काहीतरी बोलणं चाललं होतं. मला वाटलं, लांब दिलेल्या दोन्ही लेकींना निरोप कसा धाडायचा याची चर्चा असेल. जवळ गेलो तर दाजींची बहीण विचारत होती, "आता दादाच्या पथ्याचं कसं? बाराच्या ठोक्याला त्याला मेथी लागती. भाकरी पातळ लागती. कोण बघंल आता?" ... बायको जाऊन अजून अर्धा दिवस झाला नव्हता. दाजींनी गंभीर चेहऱ्यानं हात वर केला आणि म्हणाले, "आज माझी काळजी करू नका. मी नुसतं ताक घेईन." भोवतीच्या चार प्रतिष्ठित माणसांनी माना डोलावल्या. त्यातला एक माझ्याजवळ सरकून कुजबुजला, "एवढ्या दुःखातसुद्धा काय संयम आहे बघा, सर!" मी त्याच्याकडे पाहिलं आणि बाहेर आलो.

शकुंतला, म्हणजे आमची अक्का, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत, चालत पाऊण तासावर. चौथी झाली तशी तिची शाळा सुटली, आणि सोळाव्या वर्षी ती सेलूला रंगनाथरावांच्या घरी गेली. रंगनाथराव, म्हणजे दाजी, तेव्हा शाळेत मास्तर होते, पुढे हेडमास्तर झाले. ती गेल्यापासून सेलूतल्या लोकांनी तिच्याबद्दल पुष्कळ बोलून घेतलंय. साध्वी काय, अन्नपूर्णा काय, कधी कुरकुर म्हणून केली नाही काय... हे शब्द ऐकले की मी तिथून उठतो. मरेपर्यंत जिच्या ताटात काय आहे हे कुणी वाकून बघितलं नाही, ती मेल्यावर एकदम अन्नपूर्णा होते! त्या न बघणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हे लिहितोय. निदान एका माणसानं तरी झालं तसं सांगावं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या वर्षी मी सेलूला कॉलेजात होतो आणि अक्काकडे राहत होतो. एकूण अडीच वर्षं राहिलो. त्या पावसाळ्यात जिकडेतिकडे पेटलं. कॉलेज बंद, बस बंद, गावोगावच्या दलित वस्त्या जळाल्याच्या बातम्या. घराबाहेर पडायचं नाही म्हणून मी दिवसभर घरात, आणि घरात असलेला कॉलेजातला पोरगा जे करतो ते मी करत होतो. खात होतो. पहिल्या पंगतीला दाजी आणि त्यांचे वडील. तव्यावरची भाकरी फुगली की अक्का ती थेट ताटात आणून टाकायची. दुसऱ्या पंगतीला मी आणि तिच्या दोन लहान पोरी. "गरम हाय तवर खा रे, बापू," हे तिचं वाक्य मी अडीच वर्षं रोज दोन वेळा ऐकलं, आणि मग ती काय खाते, कधी खाते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. एकदा भर दुपारी पाणी प्यायला आत गेलो, तर ती चुलीच्या कडेला, भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढ्यात सकाळची भाकरी, आणि त्या भाकरीच्या तुकड्यानं ती वरणाचं रिकामं पातेलं पुसत होती. मला बघून तिनं पातेल्यावर पदर ओढला. चोरी पकडल्यासारखी हसली. आणि मी? मीही हसलो, पाणी प्यालो, आणि बाहेर जाऊन आडवा झालो. मला त्या पोराला आज समोर उभं करून दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

त्यात तिचे उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशा. उपवास म्हणजे पोटाला आराम, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडच्या बाईचा उपवास बघावा. स्वयंपाक सगळ्यांचा करायचा, धुणं-भांडी करायची, आणि भूक लागली की चहा. तीन-तीन चमचे साखर घातलेला, दिवसातून सहा वेळा. संध्याकाळी साबूदाणा नाहीतर उकडलेला बटाटा. दाजी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या हिची श्रद्धा फार दांडगी." त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेत उपवास बसत नव्हता.

त्याच घरात मी सुमनबाईंना पहिल्यांदा पाहिलं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अक्काच्याच वयाच्या, बौद्ध वाड्यातल्या, ठणठणीत आवाजाच्या. दाजींच्या वडिलांना दम्याची सुई टोचायला रोज यायच्या. सुई झाली की त्यांचा चहा ओसरीच्या खिडकीत ठेवलेल्या, कान तुटलेल्या वेगळ्या कपात दिला जायचा. दंगलीच्या दिवसांत त्या आठ दिवस आल्या नाहीत. त्या आठ दिवसांत दाजी ओट्यावर चार जणांना जमवून नामांतराविरुद्ध तावातावानं बोलत होते, आणि आतून म्हातारा धापा टाकत होता. शेवटी दाजींनीच निरोप पाठवला. सुमनबाई आल्या. सुई दिली, हात धुतले आणि ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नावाला विरोध हाय, सुईला न्हाई. बरं हाय की, साहेब." अक्का चहा घेऊन आली. खिडकीतल्या फुटक्या कपात तिनं चहा ओतला, तो स्वतःच्या हातात घेतला, आणि घरातला चांगला कप सुमनबाईंपुढं केला. दोघी दारातच उभ्या राहून चहा प्याल्या. हे फक्त मी पाहिलं. पाहिलं, आणि कुणाला सांगितलं नाही. माझं शौर्य तेवढंच.

पुढे मी बी.एड. करून मानवतला नोकरीला लागलो. चार-पाच वर्षं गेली. दाजी हेडमास्तर झाले होते आणि अंगानं दुप्पट. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी ते स्कूटरवर जायचे. सकाळी जिलेबी, दुपारी पोळीवर तुपाची धार, संध्याकाळी भजी, आणि जेवणानंतर पेढा. बोलावलं तिथं जेवायचे, न बोलावताही जायचे. मग त्यांच्या पाठीत काळपुळी झाली. चिघळली, भरेना. परभणीला नेलं, तेव्हा निघालं की साखरेचा आजार आहे, आणि बराच वाढलाय. डॉक्टरांनी कागदावर आहार लिहून दिला. हा धिप्पाड माणूस त्या कागदाकडं बघून ढसाढसा रडला. मरणाच्या भीतीनं नाही, गोड सुटणार म्हणून.

तो कागद अक्कानं हातात घेतला. चौथी शिकलेली बाई, अक्षराला बोट लावून वाचणारी. आठ दिवसांत तिला तो पाठ झाला. रात्री भिजवलेले मेथीचे दाणे पहाटे. मग चालणं. दाजी एकटे जायला कंटाळायचे म्हणून सुरुवातीचे सहा महिने तीही त्यांच्याबरोबर देवगाव फाट्याच्या रस्त्यानं चालत जायची, आणि त्यांच्याआधी परत पोचता यावं म्हणून येताना पदर खोचून जवळजवळ पळत यायची. चूल पेटवायची असायची ना! जेवायला ज्वारीची पातळ भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, काकडी, ताक. सगळं वेळेवर, ताजं, मोजून. आणि रोज सकाळी लघवीची तपासणी. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं घरोघरी नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. रंग निळाच राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर सांभाळा, पिवळा वाईट, आणि विटेसारखा लाल झाला तर फारच वाईट. हे काम दाजींना किळसवाणं वाटायचं. नवऱ्याची नळी रोज अक्का तापवायची आणि तिथूनच ओरडून सांगायची, "आज हिरवी हाय हो, रातच्याला भात मागू नका!"

वर्षभरात दाजी उतरले. पाठ भरली, चेहऱ्यावर तेज आलं, स्कूटर विकली. आणि त्यांच्यातला वक्ता जागा झाला. 'आहार, व्यायाम आणि मी' असं त्यांच्या व्याख्यानाचं नाव. सेलूत झालं, आसपासच्या शाळांत झालं, आणि एकदा आमच्या मानवतच्या शाळेतही झालं. व्यासपीठावर ताठ उभे राहून ते म्हणाले, "मित्रहो, मी माझी जीभ जिंकली!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तासभराच्या व्याख्यानात अक्काचं नाव एकदाही आलं नाही. मेथी आपोआप भिजत होती, भाकरी आपोआप पातळ होत होती, नळी स्वतःच दिव्यावर जाऊन तापत होती. आभार मानताना मीच म्हणालो की, सरांचं जीवन म्हणजे चालता-बोलता धडा आहे. दुसऱ्या दिवशी मी सातवीला संतुलित आहार शिकवला. फळ्यावर गोल काढून त्याचे भाग पाडले, रंगीत खडूनं भरले. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, मी खाली सही केली. असल्या शिकवण्यावर मी पगार घेतो.

आता, दाजींनी गोड सोडलं म्हणून घरातलं गोड थांबलं का? हेडमास्तरांच्या घरी पेढे यायचेच. निकालाचे, बारशाचे, बदलीचे. सणाला पुरणपोळी व्हायचीच, कारण पाहुण्यांना काय वाढणार? लेकींची लग्नं होऊन त्या गेल्या. म्हातारे वारले. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक पथ्यावर. दाजींना सकाळची भाकरी संध्याकाळी चालायची नाही. भाजी दोन वेळा ताजी लागायची. मग उरलेलं कोण संपवणार? शिळी भाकरी, आलेले पेढे, पाहुण्यांसाठी केलेला भात, हे सगळं अक्काच्या पोटात जायचं. मी एकदा म्हणालो होतो, "अगं, टाकून दे की." ती म्हणाली, "अन्न हाय रे बापू, टाकायचं कसं?" नवऱ्याला जे जे विष म्हणून वर्ज्य होतं, ते ते या बाईनं दहा वर्षं वाया जाऊ नये म्हणून खाल्लं. कुणी खायला लावलं नाही, हे खरं. कुणी थांबवलंही नाही.

आधी ती अंगानं सुटली. मग एकाएकी वाळायला लागली. दोन दिवाळ्यांपूर्वी भाऊबीजेला गेलो, तर ओवाळताना तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. जेवताना ती तीनदा उठून पाणी प्याली. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "अक्का, बारीक झालीस. बरं दिसतंय." दाजी ताटावरून प्रसन्नपणे म्हणाले, "माझ्या पथ्याचा घरादाराला फायदा होतोय!" ती हसली. म्हणाली, "पायाला मुंग्या येतेत रे लय. चप्पल पायात हाय का न्हाई, हेच कळत न्हाई." मी म्हणालो, वय झालं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला विज्ञानाचा शिक्षक म्हणाला, वय झालं!

या डिसेंबरात चुलीतला निखारा तिच्या पायावर पडला. तिला कळलंच नाही. जळल्याचा वास आला म्हणून तिनं चुलीवरचं दूध बघितलं, पोळ्यांचं फडकं बघितलं, आणि मग खाली पाहिलं. हळद लावली, चुन्याची निवळी लावली, फडकं गुंडाळलं आणि काम करत राहिली. दाजी रोज पहाटे तिच्यासमोरून फिरायला जात होते. तीन आठवड्यांनी घरात वास यायला लागला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मला बोलावणं आलं, आणि आम्ही दोघं तिला परभणीला घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

दाजी म्हणाले, "दहा वर्षं झाली. पण पूर्ण ताब्यात आहे. रोज चालतो मी."

डॉक्टर म्हणाले, "तुमची नाही हो. यांची."

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर ती चार दिवस होती. बाहेर विद्यापीठाच्या नावाचा वाद एकदाचा मिटत होता, वॉर्डात लोक त्यावर बोलत होते, मी तिच्या उशाशी बसलो होतो. दवाखान्यातलं जेवण आलं. पातळ वरण, दोन पोळ्या, कसलीशी भाजी. अक्कानं थोडंसंच खाल्लं, पण फार मन लावून खाल्लं. मला म्हणाली, "हितं जेवण कसं येळंवर देतेत रे. अन् गरम देतेत." मग म्हणाली, "तू जेवलास का?" ... हे तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, ती बडबडायला लागली. नेमकी शाळेची तपासणी होती म्हणून मी एका दिवसासाठी मानवतला गेलो. शाळेच्या तपासणीसाठी! तपासणीत आमच्या शाळेचा शेरा उत्तम पडला.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा ठेवली होती. दाजी शेवटी बोलायला उठले. सुरुवात अक्कापासून केली, पाचव्या वाक्याला स्वतःवर आले. "तिच्या जाण्यानं मी एकच शिकलो," ते म्हणाले, "आरोग्याकडं दुर्लक्ष करू नका. तिनं केलं. मी केलं नाही. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे." लोक डोळे पुसत होते. मी उठून बाहेर आलो.

फाटकाशी सुमनबाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच. आत बसायला कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांना बसायचंही नव्हतं. मला ओळखून म्हणाल्या, "सर, तुमच्याशी बोलायचं हाय. हितं नगं." आम्ही चालत स्टेशनच्या बाजूला आलो. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"बाईला मालूम होतं. सात वर्षं झाली. एक दिवस साहेबाची नळी झाली, अन् हिच्या मनात आलं, आपलं बी बघावं. तापवली, तर इटंवानी लाल! म्हणली, सुमन, यांची कधीच एवढी लाल झाली न्हवती. नळी मोरीत वतली, धुतली, अन् साहेबाची मेथी निवडायला बसली."

"घरी का नाही सांगितलं तिनं?"

"मी बी हेच इचारलं. तर म्हणली, एका घरात दोन पथ्यं कोण करणार? ... मी मग दवाखान्यात डॉक्टरीणबाईला दाखवलं. गोळ्या चालू केल्या. दर मंगळवारी तीनला माझ्या घरी यायची, मी तपासायची. चार-पाच वर्षं बरी होती की. मग माझी बदली झाली पाथरीला. मी रविवारी घरी यायची, अन् रविवारी साहेब घरी. हिला निघता येईना. गोळ्या सुटल्या."

मी विचारलं, "दाजींना यातलं काही माहीत नव्हतं?"

सुमनबाई माझ्याकडं बघून हसल्या. असं हसणं मी परत बघू इच्छित नाही. "बदली झाली त्या दिवशी मी शाळेत जाऊन सांगितलं त्यान्ला. हापिसात, उभी राहून. म्हणलं, साहेब, मी चाललेय, आता तुमी बघा तिच्याकडं. तुमाला जे हाय तेच तिला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींना विचारलं. ते नुकतेच फिरून आले होते. त्यांना राग आला नाही, लाजही वाटली नाही. आठवल्यासारखं करून म्हणाले, "बोलल्या होत्या काहीतरी. पण ती बाई नर्स, डॉक्टर नव्हे. आणि शकुंतलेचे आठवड्याला तीन उपवास. उपवासासारखं दुसरं पथ्य आहे का?" रागाची तयारी करून गेलो होतो, पण राग येण्याइतकाही तो माणूस मला मोठा वाटेना. आरोग्यावर शंभर वेळा बोललेला हा माणूस आपल्या ताटापलीकडं एकदाही बघू शकला नव्हता. मी निघालो, तर मागून हाक आली. मला वाटलं, काही बोलतील. "तुला काही कल्पना आहे का," ते म्हणाले, "ती मेथीला ताक लावायची, की नुसतं मीठ? कुणालाच तशी जमत नाहीये."

"न्हाई मालूम," मी म्हणालो. आणि मला खरंच मालूम नव्हतं. अडीच वर्षं तिच्या हातचं खाल्लं होतं, आणि त्यात ती काय घालते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या एका बाबतीत आम्ही दोघं मेहुणे अगदी सारखे होतो. त्या घरात मी पाणीही न पिता निघालो. फार काही केलं असं नाही, पण तेवढं केलं.

गेल्या मंगळवारी अर्धी रजा टाकून सुमनबाईंकडं गेलो. दुपारचे तीन वाजत आले होते. दोन खोल्यांचं घर, शेणानं सारवलेलं. आतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात त्या काटवटीत पीठ मळत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बसा सर. बघा की, सवय कशी असती. पाथरीहून बदली होऊन परत आले त्याच महिन्यात ती गेली. अन् मंगळवार आला की पीठ अजून दोघींचं मळते मी." त्यांनी भाकरी थापली. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली. फुगली. पितळेच्या ताटात ती भाकरी, लसूण घातलेली पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. ताट माझ्यापुढं ठेवलं. मी सवयीनं भाकरीला हात घातला.

"थांबा," सुमनबाई म्हणाल्या. "असं चालत न्हाई हितं."

त्यांनी दुसरी भाकरी केली, तवा उतरवला, दुसरं ताट घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "पैल्या दिवशी मी तिला वाढून बाजूला उभी राहिले. एवढ्या मोठ्या घरची बाई माझ्या घरी जेवायली, कसं बसावं म्हणलं तिच्यासंगं? तर तिनं माझा हात धरून खाली वढलं. म्हणली, सुमन, तू उभी राहिलीस तर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. हितं कुणी आधी न्हाई, कुणी मागून न्हाई. तवा उतरवायचा, दोघींनी संगं बसायचं... लय पोटभर जेवायची सर, तुमची बहीण. लय बोलायची. भिताडाला टेकून, पाय लांब करून बसायची, तुमी बसलाव ना, तिथंच."

मी पाठीमागं पाहिलं. भिंतीवर, बसलेल्या बाईचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलाचा एक डाग होता. भिंत नुकतीच पांढरी केलेली दिसत होती. तेवढा भाग सुमनबाईंनी तसाच ठेवला होता.

"खा आता," त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनी बरोबर पहिला घास घेतला.